फोन हलवा, चटणी वाटा

मिक्सर विकणाऱ्या माणसाला लोकांचे हात हलवावेसे का वाटतात, हे मला अजून कळलेलं नाही. मिक्सरचा मुद्दाच मुळी हात हलवायला लागू नयेत हा. पण आमच्या लोअर परळच्या ऑफिसात, जिथे पूर्वी गिरणी होती आणि खरोखर काहीतरी तयार व्हायचं तिथे, मिक्सर कंपनीचे साहेब खुर्चीत रेलून म्हणाले, "जाहिरात नुसती बघायची नाही. लोकांनी तिच्याशी खेळलं पाहिजे. काहीतरी इंटरॅक्टिव्ह करा."

कॉपीरायटरने डोळे मिटले, उघडले आणि म्हणाला, "फोन हलवा, चटणी वाटा."

खोलीत टाळ्या पडल्या. आमच्या धंद्यात टाळ्या वाजवणाऱ्यांना ती गोष्ट बनवायची नसते. बनवायची मला असते. मी डेव्हलपर. तुम्ही वेबसाइटवर पाणीकपातीची बातमी वाचत असता आणि मध्येच एक चौकट येऊन म्हणते, मला खरवडा, मला फिरवा, मला फुंकर मारा. ती चौकट मी करतो. वाचता वाचता माणूस वाटेत थांबेल, एक चटणी वाटेल आणि मग परत पाणीकपातीकडे वळेल, या श्रद्धेवर आमचं घर चालतं.

या श्रद्धेचा उगम 27 ऑक्टोबर 1994चा. त्या दिवशी अमेरिकेत 'हॉटवायर्ड'च्या साइटवर एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची पट्टी झळकली. तुम्ही कधी माउसने इथे क्लिक केलंय का, नाही ना, मग कराल, अशा अर्थाचा त्यावर मजकूर होता. पाहणाऱ्या 100 जणांपैकी 44 जणांनी निमूटपणे क्लिक केलं, असं या धंद्याच्या इतिहासात सांगतात. मग आम्ही मंडळी या क्षेत्रात उतरलो. आता 100 जणांत एकाने क्लिक केलं तरी पेढे येतात.

तर चटणी. चटणी वाटायला मिक्सर पाहिजे आणि मिक्सर चौकटीत बसला पाहिजे. चौकटी ठरलेल्या असतात. 300 बाय 250च्या चौकटीत मिक्सर छान उभा राहिला. 728 बाय 90ची पट्टी आली तेव्हा त्याला आडवा झोपवावा लागला. 160 बाय 600मध्ये तो इतका उंच आणि किडमिडीत झाला की मिक्सर कमी आणि बोअरवेल जास्त वाटू लागला. 320 बाय 50ची मोबाइलवरची पट्टी म्हणजे तर एक झाकण आणि 'अटी लागू'.

एवढं करून हे सगळं 150 केबीत बसवायचं. तशी अट होती. शिवाय हालचाल 30 सेकंदांत थांबली पाहिजे. कंपनीने फोटो पाठवला तो 80 एमबीचा. त्यात कोथिंबिरीच्या पानावरचं दव मोजता येत होतं. मी तो दाबत गेलो. आधी दव गेलं, मग पानांच्या कडा गेल्या, शेवटी हिरवे ठिपके उरले.

"कोथिंबीर ताजी दिसत नाही," साहेब फोनवर म्हणाले.

"साहेब, 150 केबीत एवढीच ताजी राहते."

"मग थोडी कमी ताजी चालेल, पण लोगो मोठा करा."

मजकुराची कथा वेगळी. आमचा डिझायनर परप्रांतातला. कामाला वाघ, पण मराठी त्याला वाचता येत नाही आणि त्याच्या सॉफ्टवेअरलाही येत नाही. 'मिक्सर'ची पहिली वेलांटी 'म'वरून उडी मारून पलीकडच्या 'क'वर जाऊन बसली आणि 'क'चा पाय मोडलेला तसाच लटकत राहिला. हे त्याला फोनवर समजावणं फार अवघड. "काठी डावीकडे ने" म्हटलं की तो काना हलवतो.

वेलांटी घरी परतली, तेव्हा फाँट उठला. देवनागरी फाँट अंगाने भरलेला असतो. अक्षरं, मात्रा, जोडाक्षरं असा मोठा संसार. तो 150 केबीत मावत नाही म्हणून लागतील तेवढी अक्षरं ठेवायची आणि बाकीची काढून टाकायची, अशी रीत आहे. आमच्याकडे आधी हिंदी जाहिरात मंजूर झाली होती, 'नारियल की चटनी'. फाँट तिच्या मापाने कापलेला. मग मराठी आली, 'नारळाची चटणी'. 'ळ' आणि 'ण' घरात नाहीतच. ब्राउझर बिचारा सज्जन. त्याने ती दोन अक्षरं फोनच्या स्वतःच्या फाँटमधून उसनी आणली. बाकीचा मजकूर बारीक आणि नाजूक, आणि मधेच 'ळा' आणि 'णी' असे दोन पहिलवान.

मीटिंगमध्ये साहेबांची नजर बरोबर तिथे गेली. "हे ळ आणि ण जाड का?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात क्लायंट सर्व्हिसिंगच्या मुलीने माझ्या पायावर पाय दिला. "सर, ते मुद्दाम हायलाइट केलंय. मराठी अस्मिता."

साहेब थोडा वेळ पाहत राहिले. "छान. राहू दे."

ती मुलगी पुढे खूप मोठी होणार आहे.

फोन हलवल्याचं ओळखणं हे त्या मानाने सोपं. फोनच्या पोटात हालचाल मोजणारा सेन्सर असतो. जाहिरातीने त्याच्याकडे लक्ष ठेवायचं आणि ठरावीक जोराच्या वर धक्का बसला की चटणी वाटायची. आयफोनचं शास्त्र कडक. 2019पासून तिथे आधी बोट लावून परवानगी मागावी लागते. चटणीसाठी परवानगी मागणारी जाहिरात पाहून आयफोनवाले पुढे सरकतात. अँड्रॉइडला एवढं सोवळं नाही. तिथे धक्का बसला की चटणी.

आता धक्का किती जोराचा हवा, हे ठरवायला मी ऑफिसातल्या लोकांना फोन हलवायला लावलं. लोक लाजत हलवतात. मनगटातून हळूच, कोणी बघत नाही ना अशा बेताने. म्हणून जोर कमी ठेवला. कॅम्पेन गणपतीच्या आधीच्या आठवड्यात सुरू झालं आणि पहिला रिपोर्ट पाहून सगळेच थक्क झाले. डोंबिवली, विरार, पेण, वडखळ, माणगाव. या गावांनी चटणी वाटण्याचा सपाटाच लावला होता. सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी सहा ते नऊ डोंबिवलीकर आणि विरारकर वाटत होते. कोकणच्या बाजूला तर रात्रभर.

"कोकणात ब्रँडबद्दल प्रेम आहे," साहेब म्हणाले.

"प्रचंड," सर्व्हिसिंगची मुलगी म्हणाली.

मुंबई-गोवा महामार्गाने गणपतीला निघालेल्या एसटीत बसून बातम्या वाचणाऱ्या माणसाला चटणी वाटण्यावाचून पर्याय नव्हता, हे सांगायला माझं तोंड पुन्हा उघडलं होतं, पण पाऊल अजून दुखत होतं. साहेबांनी त्याच बैठकीत माणगावला नवा डीलर नेमायचं ठरवलं. खड्ड्यांनी कोणाला रोजगार दिला असेल तर त्या डीलरला.

त्यात भर म्हणजे क्लिकही वाढले होते. त्याचं कारण मला डोंबिवलीच्या माझ्या एका मित्राने सांगितलं. चटणी पूर्ण वाटली की झाकण उडून हिरवे शिंतोडे स्क्रीनवर पसरतील, असं मी मोठ्या हौसेने केलं होतं. लोकलच्या गर्दीत लोकांना वाटायचं, शेजारच्याचा डबा सांडला. ते बोटाने पुसायला जायचे आणि क्लिक व्हायचं. 2017मध्ये चीनमधल्या एका बुटांच्या कंपनीने इन्स्टाग्रामच्या जाहिरातीवर खोटा केस चितारला होता. बघणारा तो झटकायला जायचा आणि थेट दुकानात पोचायचा. इन्स्टाग्रामने ती जाहिरात काढून टाकली. त्यांनी ते कपटाने केलं, आमचं कलेच्या ओघात झालं. आम्हाला कोणी काढलं नाही, उलट केस स्टडी झाली. "टच-लेड डिस्कव्हरी" असं तिला म्हणतात.

आकड्यांच्या बाबतीत आमचा धंदा मनाने फार मोठा आहे. जाहिरातीचा अर्धा भाग एक सेकंद स्क्रीनवर असला की ती 'दिसण्याजोगी' धरायची, असं प्रमाणच ठरलेलं आहे. कोणी पाहिली का, हा प्रश्न त्यात नाही. आमच्या चाळीतले काका जिन्यावरून उतरताना अर्धे आणि एक सेकंद दिसायचे, त्या हिशेबाने आमचा त्यांच्याशी गाढ परिचय होता.

साताऱ्याच्या माझ्या मावशीला मी काय काम करतो हे बरीच वर्षं नीट माहीत नव्हतं. 'काँप्युटरवर' एवढ्यावर तिचं भागत होतं. एकदा तिचा फोन आला.

"काय रे, ते बातमीच्या मधेमधे येतं ना, हलतं, ते तू करतोस?"

"हो मावशी." माझा आवाज थोडा फुललाच.

"मग ती फुली एवढीशी का करतोस? माझं मोतीबिंदूचं झालंय. मी फुली दाबायला जाते आणि मिक्सरच्या दुकानात जाते."

त्या फुलीवर जेवढ्या बैठका झाल्या तेवढ्या मिक्सरवर झाल्या नसतील, हे तिला कसं सांगणार? फुली राखाडी असावी की पांढरी, लगेच यावी की पाच सेकंदांनी, कोपऱ्यात असावी की कोपऱ्याच्याही जरा आत. सगळी जाहिरात जिच्याकडे लोकांचं लक्ष जाऊ नये म्हणून रचलेली असते, ती फुली. आणि लोकांचं लक्ष जातं तेही तिच्याकडेच. मोबाइलवरची सगळ्यात लोकप्रिय चित्रकृती तीच असावी. ती मी काढली, पण सही करता येत नाही.

साहेबांना तीही सहन होईना. "फुली नको. दोन बटणं द्या. एकावर 'हो, मला मिक्सर हवा'. दुसऱ्यावर असं काहीतरी की लाज वाटली पाहिजे."

कॉपीरायटरने डोळे मिटले, उघडले. "नको, मी पाट्यावर वाटेन."

पुन्हा टाळ्या. बटणं लागली. दुसऱ्या बटणाने पहिल्याला कुठच्या कुठे मागे टाकलं. मी मावशीला फोन केला.

"तू ते पाट्याचं दाबलंस का गं?"

"मग? खरं तेच दाबलं. पाट्यावरच्या वाटणाची चव मिक्सरला येते का? आणि तुझ्या त्या साहेबांना सांग, विचारलं ते बरं केलंत. इतकी वर्षं कोणी विचारलं नव्हतं."

ती एकटी नव्हती. महाराष्ट्रातल्या तमाम बायकांनी त्या बटणावर आपलं मत नोंदवलं होतं. साहेबांनी दोन दिवस विचार केला आणि पाट्याचा व्यवसाय कसा काय आहे, याची चौकशी करायला एका माणसाला पाठवलं. तेवढ्यात त्यांच्या वकिलाने कागद आणून ठेवला. 30 नोव्हेंबर 2023ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला फसवणाऱ्या, गुंगवणाऱ्या अशा 13 क्लृप्त्यांवर बंदी घातली आहे. नाही म्हणणाऱ्याला लाज वाटायला लावणं ही त्यांतलीच एक. "पण कोणाला लाज वाटलीच नाही हो!" साहेब कळवळून म्हणाले. वकील म्हणाले, हेतू होता. बटण 'नको' एवढंच झालं. मावशी अजून हळहळते.

दरवर्षी एकदा साहेबांना कोणीतरी परदेशी जाहिरात दाखवतं आणि ते आठवडाभर आमचे राहत नाहीत. बर्गर किंगने 2004मध्ये एक वेबसाइट काढली होती. कोंबडीचा पोशाख घातलेला माणूस दिवाणखान्यात उभा. तुम्ही टाइप कराल ते तो करणार. नाच म्हटलं की नाचणार, उड्या मार म्हटलं की उड्या मारणार. आतून सगळं आधीच चित्रित करून ठेवलेले तुकडे, पण लोकांना तो समोर जिवंत उभा असल्यासारखा वाटायचा. आमच्या क्षेत्रात त्या कोंबडीचा दर्जा कुलदैवताचा आहे.

साहेब म्हणाले, "आपल्याला हीच कोंबडी पाहिजे. पण व्हेज."

आम्ही भेंडीपर्यंत पोचलो होतो. एक माणूस भेंडीच्या पोशाखात उभाही करून पाहिला. 'नाच' म्हटल्यावर त्याला गुडघेच वाकवता येईनात.

पुढच्या वर्षी कॅडबरीची दिवाळीची जाहिरात. 2021मध्ये त्यांनी यंत्राच्या करामतीने शाहरुख खानच्या तोंडून गल्लीतल्या दुकानांची नावं वदवली. दुकानदाराने आपलं नाव भरायचं, शाहरुख ते घेणार. साहेब म्हणाले, "हेच करा. फक्त शाहरुख वगळून." म्हणजे मग दुकानदाराने आपलं नाव भरायचं आणि ते स्वतःच वाचायचं.

मी त्यांना बिहारची गोष्ट सांगून पाहिली. जिथे वीज नाही, टीव्ही नाही, तिथे हिंदुस्थान युनिलिव्हरने 'कान खजूरा टेसन' काढलं. मिस्ड कॉल द्यायचा, उलट फोन येतो, गाणी आणि विनोद फुकट ऐकायचे आणि मध्ये मध्ये साबणाच्या जाहिराती. स्क्रीन नाही, फुली नाही, वेलांटी नाही. 2014मध्ये कानच्या जाहिरात महोत्सवात त्याला बक्षिसं मिळाली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पण यात हलत काय?" त्यांनी विचारलं.

त्यामुळे लग्नसराईत हलणारंच करायचं ठरलं. मिक्सर हा आहेराचा राजा. तेव्हा फोनच्या कॅमेऱ्यात चेहरा दाखवा, कपाळाला मुंडावळ्या बांधल्या जातील, वरून अक्षता पडतील, तो फोटो मित्रांना पाठवा आणि मिक्सर जिंका. बक्षीस आलं की वकील येतात. त्यांनी मजकूर दिला, 'ही योजना तामिळनाडूच्या रहिवाशांसाठी नाही.' तिथे 1979पासून बक्षीस योजनांवर बंदीचा कायदा आहे. ठीक आहे, पण जाहिरात मराठी, दिसणार फक्त महाराष्ट्रात, तीही 320 बाय 50च्या पट्टीत. "राहू दे," वकील म्हणाले. "कोणी मदुराईचा मनुष्य लग्नाला सांगलीला आला असेल तर?" पट्टीवरचं नवरीचं नाव काढून त्या जागी तामिळनाडू घातलं.

डेमो मिक्सर कंपनीच्या भोसरीच्या ऑफिसात. लांबलचक टेबल, टोकाला साहेब आणि साहेबांच्या डोक्यावर भिंतीवर कंपनीचे संस्थापक, थोरले साहेब. मोठं तैलचित्र, काळी टोपी, चंदनाचा हार, खाली लाल बल्ब. मी लॅपटॉपचा कॅमेरा साहेबांकडे वळवला. समोरच्या मोठ्या टीव्हीवर खोली दिसू लागली. प्रोग्रॅमने क्षणभर शोधाशोध केली. त्याला एकच चेहरा पकडायला सांगितलं होतं, तेव्हा त्याने जास्त मोठा, जास्त उजळ आणि न हलणारा चेहरा निवडला.

थोरल्या साहेबांच्या टोपीखाली मुंडावळ्या बांधल्या गेल्या. दोन्ही गालांवरून मोत्यांच्या लडी चंदनाच्या हारापर्यंत आल्या. आणि अक्षता पडू लागल्या.

जिवंत माणसाच्या कपाळावर मुंडावळ्या नेहमी थरथरतात, कानावर घसरतात. इथे त्या दगडासारख्या घट्ट. इतकं निर्दोष ट्रॅकिंग मी माझ्या कारकिर्दीत पाहिलेलं नाही आणि ते बंद करायला लागणारी की मला सापडत नव्हती. सर्व्हिसिंगच्या मुलीकडे पाहिलं तर ती आपल्या चपलांकडे बघत होती. अक्षता पडतच होत्या. थांबवेपर्यंत त्या पडत राहाव्यात, असं मीच केलेलं होतं.

कोपऱ्यातून जुने हिशेबनीस घसा खाकरत म्हणाले, "थोरल्या साहेबांचं लग्न रजिस्टर झालेलं. मुंडावळ्या राहूनच गेल्या होत्या. आईसाहेब शेवटपर्यंत बोलून दाखवायच्या."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. मग म्हणाले, "मंजूर." एकही बदल नाही. लोगोसुद्धा होता तेवढाच राहिला. तो फोटो आता त्यांच्या दिवाणखान्यात फ्रेम करून लावलेला आहे, असं ऐकतो.

जाहिरात सुरू झाली आणि तिसऱ्या दिवशी साहेबांचा फोन. "आपली जाहिरात कुठे आहे? मला दिसत नाही."

"साहेब, आपण ती 22 ते 30 वयाच्या, लग्न ठरलेल्या मुलामुलींना दाखवतोय. तुम्हाला कशी दिसेल?"

"पैसे मी देतोय ना?"

या प्रश्नाला जाहिरातशास्त्रात उत्तर नाही. पूर्वी होर्डिंगच्या जमान्यात साहेबांच्या घरापासून ऑफिसपर्यंतच्या रस्त्यावर मोक्याच्या जागा घ्यायचे म्हणजे कंपनीची जाहिरात 'सगळीकडे' असायची. आम्ही त्याच परंपरेला जागून साहेबांच्या घराचा आणि ऑफिसचा पिनकोड टाकला, वय 55च्या वर केलं आणि त्या टापूत बजेट ओतलं. साहेब खूष झाले. दिवसातून किती वेळा तरी मुंडावळ्या बांधून घ्यायचे, बटण दाबून बघायचे, पुन्हा बघायचे. आठवडाभर सुखात गेला.

मग एका रविवारी सकाळी फोन.

"अहो, मला दुसऱ्या कंपन्यांचे मिक्सर दिसायला लागलेत! जिथे जाईन तिथे. क्रिकेटचा स्कोअर बघतोय तरी मिक्सर!"

"साहेब, तुम्ही आपल्या जाहिरातीवर इतक्यांदा क्लिक केलंत की यंत्राला वाटतंय, तुम्हाला मिक्सर घ्यायचाय. आता गावातले सगळे मिक्सरवाले तुमच्या मागे लागणार."

पलीकडे शांतता. स्क्रीन खालीवर होत असावी.

"ही एक बघतोय मी," साहेब सावकाश म्हणाले. "यात काही हलत नाही हो. नुसता मिक्सरचा फोटो, आणि खाली किंमत."

"हो साहेब."

"लगेच कळतं काय आहे ते."

"हो साहेब."

"आणि किंमत पण बरी लावलीय."